काचेतला नमुना

दातांचा डॉक्टर कारखान्यात शिरला तेव्हा त्याच्या एका हातात गाडीची किल्ली होती आणि दुसऱ्या हातानं तो पँट सावरत होता. कमरेचा पट्टा त्यानं गाडीच्या दाराला बांधला होता. खिडकीतून आत, मधल्या खांबाला वेढा, पुन्हा बाहेर, आणि बक्कल करकचून आवळलेलं. साठ वर्षांपूर्वीची ती मोटार आक्काच्या कारखान्यात चौदा महिने राहून, अंगाखांद्यावर नवा रंग मिरवत बाहेर पडली होती. तीन आठवड्यांत ती अशी बांधाबांध करून परत आली.

"आक्का, हे तुमचं दार," डॉक्टर म्हणाला. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

"दार तुमचं. मी फक्त बसवलं." आक्कानं हातातली कानस खाली ठेवली नाही.

"तुम्ही बसवलेल्या दारातून काल माझी बायको रस्त्यावर पडली. बाजाराच्या वळणावर. गाडी हळू होती म्हणून जीव वाचला. खांद्याचं हाड मोडलंय."

"त्यांनीच आतून कडी ओढली असेल."

"तिच्या दोन्ही हातांत अंड्यांचा ट्रे होता."

"मग अंडी?" आतल्या खोलीतून सुनेनं विचारलं. आक्कानं मान वळवून नुसतं पाहिलं, तशी सून पुन्हा फोन नंबरांच्या वहीत डोकं घालून बसली.

आक्काला तिच्या खऱ्या नावानं हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. शिक्षण म्हणाल तर चौथी, तीही अर्धवट. डावखुरी म्हणून मास्तर छडी मारायचा. एके दिवशी तिनं छडी धरली आणि मोडली, तिथेच शाळा संपली. लग्न झालं ते जुन्या मोटारी उघडून पुन्हा उभ्या करणाऱ्या माणसाशी. नवरा इंजिनात, आक्का पत्र्यात. पुढे ती दारांत मुरली. जुन्या गाडीचं दार बसवणं म्हणजे हट्टी म्हाताऱ्याला खुर्चीत बसवणं. वर लागलं तर खाली घासतं, खाली लागलं तर मागे फट पडते. आक्का बिजागरीला एक ठोका द्यायची, खांबाला अर्धा, आणि दार एका बोटानं लागायचं. खट असा बारीक आवाज, बस्स. जुन्या मोटारी बाळगणाऱ्या हौशी लोकांत 'आक्काचं दार' असा शब्दच पडला होता. नवरा गेला, इंजिनाची कामं लेकाकडे गेली, चार गिऱ्हाइकं इकडची तिकडे झाली. पण तो शब्द राहिला होता. आक्काकडे दुसरी इस्टेट नव्हती, आणि तिला नकोही होती.

डॉक्टरनं नेमकं तिथेच बोट ठेवलं. "रविवारी सकाळी मैदानावर सगळे आपापल्या गाड्या घेऊन जमतात. चाळीस जण. निम्म्यांची दारं तुमच्या हातची आहेत. मी त्यांना सांगणार आहे की बायकोपोरांना त्या दाराशेजारी बसवू नका."

"सांगा की. पण कारण काय सांगणार?"

"कारण मी कशाला शोधू? मी दात बघतो."

"मग कारण मी सांगीन. रविवारी मी येते तिथं. सगळ्यांसमोर सांगते कुणाच्या हातचं पाप आहे ते. माझ्या हातचं निघालं, तर पुन्हा दाराला हात लावणार नाही."

शब्द तोंडातून गेला. आक्काचे शब्द परत येत नसत, हे डॉक्टरलाही ठाऊक होतं. त्यानं किल्ली बाकावर आपटली, पट्टा सोडून घेतला आणि पायी निघून गेला.

आक्का दाराशी उकिडवी बसली. बिजागऱ्या घट्ट होत्या. कुलूप ठीक. स्क्रूंना तिनं पेचकस लावून पाहिला, एकही ढिला नव्हता. राहिली पकड. दार लोटलं की कुलपाची जीभ खांबावरच्या एका लोखंडी पट्टीत जाऊन अडकते. बोटभर लांबीचा तुकडा, त्याला कारखान्यात पकड म्हणत. पकडीचा ओठ उंच असला की गाडी कितीही आपटली तरी जीभ सुटत नाही. आक्कानं ओठावर अंगठा फिरवला. मग पलीकडच्या दाराच्या पकडीवर फिरवला. पलीकडची मूळची होती, गाडीबरोबर जन्मलेली. तिचा ओठ नखभर उंच होता.

"ढोल्या," तिनं हाक मारली.

ढोल्या म्हणजे तिचा लेक, वय बेचाळीस, इंजिनाखालून बाहेर यायला त्याला वेळ लागे.

"या बाजूची पकड गंजून गेली होती. ही कुठून आणलीस?"

"सांगितलं होतं की. एका म्हाताऱ्याच्या दुकानात जुन्या साठ्यात पडली होती."

"कुठला म्हातारा?"

ढोल्यानं हात पुसायला सुरुवात केली. हात पुसून झाले तरी तो पुसतच राहिला.

"सांगून टाका हो," सून आतून म्हणाली. "म्हातारा-बितारा कुणी नाही, आई. काकांकडून आणलीय. जुनी दिसावी म्हणून चार दिवस मिठाच्या पाण्यात घातली होती. माझ्या पातेल्यात."

आक्का उठली. गुडघे वाजले ते सगळ्यांना ऐकू आलं.

काका म्हणजे आक्काचा धाकटा दीर. अकरा वर्षांपूर्वी नवरा गेल्यावर तो वाटणी घेऊन वेगळा झाला आणि त्यानं दुरुस्ती सोडून देऊन जुन्या गाड्यांचे नवे भाग बनवायचा धंदा काढला. नमुना घ्यायचा, साचा काढायचा, हुबेहूब तसे शेकड्यानं पाडायचे. त्या दिवसापासून त्याच्या कारखान्याचा एक खिळासुद्धा आक्काच्या उंबऱ्याच्या आत आला नव्हता. "भाऊजींच्या रबराला पहिल्याच उन्हाळ्यात भेगा," ती गिऱ्हाइकांना सांगायची. "क्रोम उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखं निघतं. स्क्रूचं डोकं पहिल्या पेचाला गुळगुळीत. डबा मात्र असा देखणा, की तुकडा फेकून डबाच गाडीला लावावा."

"अस्सल पकडीला एक जण काय मागत होता माहीत आहे?" ढोल्या म्हणाला. "तेवढ्यात अख्खं इंजिन उघडून बांधून झालं असतं. बोटाएवढ्या लोखंडाला. डॉक्टर म्हणाला, परवडत नाही, बघा काहीतरी. काकाकडे ती चहापाण्याच्या भावात मिळाली. तुला सांगितलं असतं तर तू घेऊ दिली असतीस?"

"नसती दिली."

"मग गाडी अजून इथंच उभी असती."

"असू दे की. उभ्या गाडीतून कुणी पडत नाही."

 ढोल्या परत इंजिनाखाली गेला, आणि या खेपेला लवकर गेला.

खरं सांगायचं तर आक्काच्या रागात एक गारवा होता. अकरा वर्षं ती दिराच्या मालाला नावं ठेवत होती आणि लोक ऐकून घेऊन गुपचूप त्याच्याकडेच जात होते. आता मोडलेल्या हाडासकट पुरावा हातात आला होता. तिनं पकड उचकटून काढली, रुमालात गुंडाळली, आणि शनिवारी सकाळी ढोल्याला गाडी काढायला लावली.

दिराच्या कारखान्यात जमिनीवर सांडलेलं उचलून खावं इतकी स्वच्छता होती. काचेमागे यंत्रं गुणगुणत होती. दोन बायका देखणे डबे घडी घालून उभे करत होत्या. दीर इस्त्रीच्या शर्टात बाहेर आला. हातांना तेलाचा डाग नाही, अत्तराचा मात्र वास.

"या वहिनी. अकरा वर्षांनी वाट सापडली म्हणायची."

"वाट ठाऊक होती, भाऊजी. यायला कारण नव्हतं."

"बसा. चहा सांगतो."

"चहा तरी खरा आहे, की त्याचाही साचा काढलाय?"

दीर हसला, पण डबे बनवणाऱ्या बायका हसल्यावर त्यानं हसणं आवरलं. आक्कानं रुमाल सोडला आणि पकड टेबलावर टाकली. "हे तुमचं बाळ. यानं परवा एका बाईचा खांदा मोडला. उद्या मैदानावर चाळीस जणांपुढे सांगणार आहे. म्हटलं, आधी तोंडावर सांगावं. पाठीमागून बोलायची आमच्या घराची रीत नाही. तुमची होती, तुम्ही घेऊन गेलात."

"या एकशे साठ विकल्यात मी. एक तक्रार नाही."

"तक्रार करायला माणूस गाडीत तर राहायला हवा."

"वहिनी, उचलली जीभ लावली टाळ्याला, असं नका करू. माझा माल नसता तर या शहरातल्या निम्म्या जुन्या गाड्या भंगारात गेल्या असत्या. अस्सल भाग आहेत कुठे? आणि आहेत ते कुणाला परवडतात? तुम्हाला लोक देवघरात ठेवायला गाड्या देतात. मला लोक चालवायला भाग मागतात."

"चालवायला. पडायला नव्हे."

दिराच्या मानेवरची शीर ताठ झाली. "माझं यंत्र नमुन्यात आणि मालात केसाचा फरक करत नाही. नमुनाच दाखवतो. मग बोला."

भिंतीला काचेचं कपाट होतं. आत मखमलीवर एकेक तुकडा, खाली चिठ्ठी. आक्काला चिठ्ठ्या वाचायला वेळ लागे, म्हणून तिनं त्यांच्याकडे पाहिलंच नाही. दिरानं एक पकड काढून तिच्या तळव्यावर ठेवली.

"हा नमुना तुमच्याच घरचा. वाटणीच्या दिवशी ज्या पेट्या तुम्ही माझ्यापुढे आदळल्यात, त्यातला. दादाच्या हाताखालून गेलेला तुकडा, म्हणून काचेत ठेवलाय. आता काढा खोट."

आक्कानं अंगठा फिरवला. ओठ नखभर कमी. तिनं तुकडा उजेडाकडे तिरका धरला. ओठाच्या कडेवर कानशीच्या बारीक रेघा होत्या. उजव्या हातानं घासणाऱ्याच्या रेघा एका अंगाला कलतात. या दुसऱ्या अंगाला कलल्या होत्या.

त्या घरात डाव्या हातानं कानस धरणारं माणूस एकच होतं.

सगळं एकदम आठवलं. बँकेच्या साहेबाची गाडी झाडावर आपटली होती, खांब आत दबला होता, दार काही केल्या लागेना. साहेबाला आठवडाभर गाडी हवीच होती. आक्कानं पकडीचा ओठ घासून कमी केला आणि त्या वाकड्या खांबापुरतं भागवलं. पुढे खांब सरळ झाला, नवी पकड लागली, घासलेली पेटीत गेली. जाताना तिच्यावर लाल रंगाचा ठिपका पडला. नवऱ्याचा तसा दंडकच होता. जो भाग एखाद्या गाडीची खोड सांभाळायला घासला, वाकवला, तापवला, त्याला लाल ठिपका. तो नमुना नव्हे, तो दुसऱ्या गाडीला लावायचा नाही. कारखान्यात सगळ्यांना ते पाठ होतं, दिरालाही.

आणि वाटणीच्या वेळी आक्कानं तीन दिवस रॉकेलच्या पातेल्यापुढे बसून पेट्यांतला एकेक तुकडा तारेच्या ब्रशनं घासला होता. तेल नाही, मळ नाही, डाग नाही. दिरानं उद्या कुणाला म्हणू नये की वहिनीनं घाण गळ्यात मारली. घे, आरशात बघितल्यासारखं तोंड बघ आणि जा. लाल ठिपके तेव्हाच गेले असणार. किती गेले, तेही तिला आठवेना. घासताना तिनं तुकड्यांकडे पाहिलंच नव्हतं. मनातल्या मनात ती दिराशी भांडत होती.

"काय झालं?" दीर म्हणाला. "सापडली खोट?"

"चष्मा घरी राहिला," आक्का म्हणाली.

चष्मा तिच्या कपाळावर होता. दिरानं तो पाहिला, पण त्याचा अर्थ त्याला लागला नाही. "मग खोट बसवणाऱ्याच्या हातात आहे," तो म्हणाला. "नाचता येईना अंगण वाकडं."

आयुष्यात पहिल्यांदा आक्कानं दिराला उलट उत्तर दिलं नाही. ती निघाली. मागे दीर जागच्या जागी उभा राहिला, जिन्याची शेवटची पायरी समजून पाय टाकावा आणि खाली पायरीच नसावी तसा.

परतीच्या वाटेवर निम्मा रस्ता मागे पडला. मग ढोल्या म्हणाला, "आई, त्या रेघा डाव्या हाताच्या होत्या."

"रस्त्याकडे बघ."

"रस्त्याकडेच बघतोय. काकाला कळलं नाहीये. डॉक्टरला कळणार नाही. उद्या एवढंच सांगायचं. पकड नकली होती, मी लबाडी केली, तुला माहीत नव्हतं. मी खाईन चार शिव्या. आणि यात एक अक्षर खोटं नाही."

आक्कानं ते मनात उलटंपालटं करून पाहिलं. खरंच एक अक्षर खोटं नव्हतं. असं सफाईदार खरं तिनं फार दिवसांत ऐकलं नव्हतं. दिराची नाचक्की होईल, डॉक्टरची समजूत पटेल, आणि 'आक्काचं दार' पूर्वी होतं तिथंच राहील. फक्त एकशे साठ दारं तशीच धावत राहतील, दर वळणावर तिच्या कानशीच्या भरवशावर.

"एवढी अक्कल होती," ती लेकाला म्हणाली, "तर पकडीला मिठाच्या पाण्यात कशाला बुडवलंस? गंज चढला म्हणून रेघा दिसल्या नाहीत मला. नाहीतर तेव्हाच ओळखल्या असत्या."

"म्हणजे चूक माझीच?"

"तुझीपण."

रविवारी मैदानावर गाड्या ओळीनं लागल्या होत्या. मालक मऊ फडकी घेऊन त्यांच्याभोवती फिरत होते. आजारी माणसाची सेवा करावी तितक्या हळुवारपणे, आणि घरी तितकी कुणी कुणाची करत नसेल. एका कोपऱ्यात दिराचं टेबल होतं, डब्यांची उतरंड रचलेली. डॉक्टर आधीच येऊन बोलला होता, ते लोकांच्या चेहऱ्यांवरून कळत होतं. त्याची बायको घडीच्या खुर्चीत बसली होती, हात झोळीत.

"आल्या," डॉक्टर म्हणाला. "सांगा, काय सांगायचं ते."

चाळीसजण जवळ सरकले. दीर टेबलामागेच राहिला, पण त्याचे कान इकडेच होते.

"डॉक्टरांच्या दाराची पकड भाऊजींच्या यंत्रातली," आक्का म्हणाली. "माझ्या लेकानं ती गंजवून जुनी म्हणून मला दिली. मला काही ठाऊक नव्हतं. मी इथं थांबले, तर तुम्ही जाऊन भाऊजींचं टेबल उलटं कराल. मला ते बघायला आवडेल."

दोघे-चौघे हसले. दीर एका डब्यावर हात ठेवून उभा राहिला.

"पण त्यांनी ती ज्या नमुन्यावरून पाडली, त्या नमुन्याचा ओठ मी घासलाय. या हातानं." तिनं डावा हात पुढे धरला. "एका वाकड्या गाडीसाठी घासला होता. त्यावर लाल ठिपका होता, म्हणजे याची नक्कल करायची नाही, अशी खूण. तो ठिपका रॉकेलनं मीच धुतला. भाऊजींपुढे टेंभा मिरवायला. तेव्हा पाप कुणाचं विचाराल, तर माझं."

हसणारे थांबले. दीर टेबल सोडून पुढे आला. "म्हणजे काल मी म्हणत होतो तेच."

"तुम्ही काही म्हणत नव्हतात. म्हण टाकत होतात. तुम्हीपण याच दंडकात वाढलात, पण घासलेला ओठ तुम्हाला ओळखू आला नाही. एकशे साठ पकडी विकल्यात, त्यातली एक तरी स्वतः गाडीला लावून बघितलीत? चूक मी एकदा केली, भाऊजी. तुम्ही तिची एकशे साठ पिल्लं काढलीत, आणि डब्यात घालून विकलीत."

"झिजलेल्या दाताचा साचा घेतला," डॉक्टर दिराला म्हणाला, "तर नवा दातही झिजलेलाच येतो. हे आमच्याकडे पहिल्या वर्षाच्या पोराला कळतं." मग तो आक्काकडे वळला. "आणि तुम्ही? एवढा तुमच्या हाताचा बोलबाला. बसवताना अंगठा नाही लावलात?"

"लावला होता."

"मग?"

आक्काला इथे थांबावंसं वाटलं. कपाळावरचा चष्मा तिनं उगीच खाली ओढला, पुन्हा वर सरकवला. "हाताला ओळखीची वाटली," ती म्हणाली. "म्हणून चांगली वाटली. दार एका बोटानं लागलं, तेव्हा मी मनात म्हटलं, वा, हात अजून तसाच आहे. ओठच नव्हता, तर लागणारच की एका बोटानं. फुंकरीनंही लागलं असतं."

 आक्कानं आवाज चढवला. "ज्यांनी ज्यांनी भाऊजींची पकड लावलीय, त्यांनी आत्ता बघा. बायकोच्या बाजूचं पुढचं दार. अंगठा लावा, मग पलीकडच्याला लावा. फरक लागला तर आज त्या जागेवर कुणाला बसवू नका. कुत्र्यालासुद्धा."

दारं उघडली गेली. अंगठे लागले. अकरा गाड्या तशा निघाल्या. एक निवृत्त मुख्याध्यापक होते, ते पाहुण्यांना मुद्दाम गाडीपाशी नेऊन करंगळीनं दार लावून दाखवायचे. त्यांच्या गाडीत दिराची पकड नव्हती, तरी त्यांनी आज दार धाडकन आपटलं, पुन्हा उघडलं, पुन्हा आपटलं. मग शेजारच्यानं आपटलं. बघता बघता मैदानभर आपटाआपट सुरू झाली. आक्का मधोमध उभी राहून ऐकत होती. तिनं कानांवर हात ठेवले नाहीत, पण ढोल्यानं मान खाली घातली.

"आक्का," मुख्याध्यापक म्हणाले, "पुढच्या महिन्यात मागचं दार आणणार होतो तुमच्याकडे. राहू द्या आता."

"राहू द्या," आक्का म्हणाली.

आणखी दोघांनी तसंच सांगितलं. तिसऱ्यानं सांगितलं नाही, पण तिच्याकडे न बघता फडकं झटकलं.

डॉक्टरची बायको खुर्चीतून उठली.  "आमच्या गाडीची पकड आता नीट कोण करणार?"

"मला येते करता. पलीकडच्या दाराची अस्सल आहे. तिच्यावरून उलट्या बाजूची घडवायची. तीन दिवसांचं काम."

"मी तुम्हाला देणार नाही."

"बरोबर आहे."

"बरोबर आहे काय? एवढं सगळं सगळ्यांना सांगितलंत. मला काहीच नाही म्हणालात. पडले मी."

 एवढ्या आयुष्यात तिनं माफी मागितलेली कुणाच्या स्मरणात नव्हती, आणि तिच्याही नव्हती. "मागते माफी," ती म्हणाली.

"मागते म्हणजे मागितली असं होत नाही. देणं आहे म्हटल्यानं फिटत नाही."

बाई तिखट होती. आक्कानं तिच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. झोळीतल्या हाताची बोटं सुजली होती, अंगठी कापून काढलेली होती, तिचा पांढरा वण दिसत होता.

"माझ्या हातामुळे तुम्ही पडलात. चुकलं माझं."

बाईनं मान हलवली. "ठीक आहे. दार मात्र दुसरीकडेच."

"हो."

गाड्या एकेक करून निघाल्या. त्या अकराही निघाल्या, चालवणाऱ्याशेजारची जागा रिकामी ठेवून, बायका मागच्या बाकावर दाटीवाटीनं बसवून. दीर डबे परत खोक्यात भरत होता. आक्का त्याच्या टेबलापाशी गेली.

"धंदा बसवलात माझा," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "एकशे साठ परत मागवायच्या म्हणजे काय, कल्पना आहे?"

"माझा काय उभा राहिलाय? आपलेच दात, आपलेच ओठ. उद्या येते मी तुमच्याकडे. पलीकडच्या बाजूची एक अस्सल पकड पैदा करून ठेवा. नवा नमुना घडवायचाय."

"बोलावलंय कुणी?"

"कुणी नाही."

"डॉक्टरला शब्द दिला होतात ना? खोट तुमची निघाली तर दाराला हात लावणार नाही म्हणून. सगळं कळतं मला."

"दाराला नाहीच लावणार. नमुना म्हणजे दार नव्हे." हे बोलताना तिचा आवाज जरासा खरखरला, तिनं खाकरून तो साफ केला. "ते कपाट पण उघडून ठेवा. त्या पेट्यांतलं जे जे काचेत मांडलंय, ते सगळं मला बघायचंय. ठिपके किती धुतलेत, मलाच ठाऊक नाही."

दिराचा हात डब्यावर थबकला. कपाटात अशा नमुन्यांचे तीस-बत्तीस तुकडे होते. त्यात ब्रेकचेही होते.

"माझ्या कारखान्यात डाव्या हाताला जागा नाही, वहिनी," तो म्हणाला, पण आता त्यात मघाचा जोर नव्हता.

"मग उजव्या हातानं ओळखा तुम्ही, कुठला घासलेला आणि कुठला कोरा. मी घरी बसते."

दिरानं खोक्याला चिकटपट्टी लावली. ती तिरकी लागली. त्यानं ती काढली आणि पुन्हा लावली.

"आठला उघडतो आम्ही," तो खोक्याला म्हणाला.

"मी साडेसातला येते," आक्का म्हणाली.